गेलेले आटे

बोल्ट आवळताना हाताला थोडाथोडा जोर लागत असतो, आणि एकाएकी तो जोर नाहीसा होतो. पाना मोकळा फिरू लागतो. हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना आला असेल. पंपाचे इंजिन असो, फटफटी असो की मोटार असो, त्या क्षणी माणसाच्या पोटात खड्डा पडतो. मग आपण मिस्त्रीकडे जातो आणि मिस्त्री दोनच शब्द बोलतो, "आटे गेले."

हे आटे जातात कसे, आणि गेलेले आटे परत आणता येतात काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विशेषतः मोटारीच्या इंजिनाचे जे भाग अ‍ॅल्युमिनियमचे असतात, त्यांच्याविषयी मी बोलणार आहे. आता तुम्ही म्हणाल, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने या तेलकट विषयात का पडावे? तर त्याचे कारण असे की, मी स्वतः एकदा आटे घालवून बसलो आहे. त्या दिवशी जे शिकलो ते कुठल्याही पुस्तकात इतके स्पष्ट वाचायला मिळाले नव्हते.

झाले ते असे. काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या मोटारीचे तेल मी घरीच बदलले. इंजिनाच्या तळाशी तेलाची जी परात असते, तिला संप म्हणतात. तेल सोडण्यासाठी तिच्या बुडाला एक बोल्ट असतो. तो पुन्हा बसवताना मनात आले, गळायला नको, चांगला घट्ट करावा. पाना आखूड वाटला म्हणून त्यावर पाइप चढवला आणि आवळला. शेवटी पाना किंचित मऊ गेल्यासारखा वाटला. मी समजलो, बसला घट्ट!

दुसऱ्या दिवशी पहाटे आईला घेऊन निघालो. तिच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली होती. घाटाच्या दुसऱ्या वळणावर समोरचा तांबडा दिवा लागला, तेलाचा. सुदैवाने मी तिथल्या तिथे इंजिन बंद केले. खाली वाकून पाहतो तर रस्त्यावर मागेपर्यंत तेलाचा काळा पट्टा उमटलेला. आईला एका वडापच्या जीपमध्ये बसवून, सोबत एक ओळखीचे गृहस्थ देऊन, पुढे पाठवले. ती जीप दिसेनाशी होईपर्यंत मी रस्त्यात उभा होतो. आईची शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, हे आधीच सांगून टाकतो. पण पट्टी बांधताना मुलगा जवळ नव्हता, तो घाटात मोटार ओढून नेणाऱ्या ट्रॅक्टरची वाट पाहत होता, हे मी विसरलेलो नाही.

पहिल्या गॅरेजात सांगण्यात आले की संपूर्ण संप बदलावा लागेल, भाग शहरातून मागवावा लागेल, चारपाच दिवस लागतील. किंमत ऐकून मी गप्पच झालो. मग कोणीतरी बाजारपेठेच्या टोकाला असलेल्या एका जुन्या मिस्त्रींचे नाव सुचवले. सगळे त्यांना काका म्हणतात. काकांनी बोल्ट हातात घेतला. त्याच्या आट्यांत रुपेरी तारेसारखे काहीतरी गुंडाळलेले होते. ते त्यांनी नखाने उलगडले आणि विचारले, "सर, पाइप लावला होता का?"

मी म्हणालो, "हो काका."

"मग हे तुमच्या संपाचे आटे. बोल्टाबरोबर बाहेर आले. लोखंडाचा बोल्ट आणि जर्मनचं भोक. जोर कुणावर निघणार?"

श्रोतेहो, आपल्याकडे खेड्यापाड्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. काकांच्या लेखी पातेलेही जर्मन आणि इंजिनही जर्मन. त्यांचे म्हणणे मात्र शास्त्राला धरून होते. ते कसे, ते आता पाहू.

आटा म्हणजे काय? एक कागद घ्या आणि काटकोन त्रिकोणाच्या आकारात कापा. तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरकी कड पेन्सिलीवर गोल गोल चढत जाताना दिसेल. आटा म्हणजे ही दांड्याभोवती गुंडाळलेली चढण. पोते सरळ वर उचलण्यापेक्षा फळीवरून ढकलत चढवणे जसे सोपे, तसेच इथे आहे. थोडा जोर लावून आपण बोल्ट फिरवतो आणि त्याचा कितीतरी पट मोठा ताण बोल्टात उत्पन्न होतो. हा ताणच दोन भागांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवतो. आवळलेला बोल्ट म्हणजे सूक्ष्म प्रमाणात ताणलेली स्प्रिंगच होय.

हा सगळा ताण शेवटी कोणावर येतो? भोकातल्या आट्यांवर. आणि तो सर्वांवर सारखा येत नाही. तोंडाजवळच्या पहिल्या आट्यावर एकूण भाराचा साधारण तिसरा हिस्सा येतो आणि पुढच्या आट्यांवर तो कमी कमी होत जातो. पहिला आटा तुटला की त्याचा भार दुसऱ्यावर, तो तुटला की तिसऱ्यावर. म्हणून आटे जातात तेव्हा हळूहळू जात नाहीत, एकदम सगळी रांग कोसळते. माझ्या हाताला जे मऊ लागले ते हेच.

आता धातूकडे वळू. अ‍ॅल्युमिनियम ही एके काळी सोन्याचांदीच्या पंगतीत बसणारी वस्तू होती. सन १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये हेरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, विजेच्या साह्याने ती स्वस्तात काढण्याची एकच रीत शोधली. त्यानंतर अवघ्या १७ वर्षांनी, १९०३ मध्ये, राइट बंधूंनी पहिले विमान उडवले, तेव्हा त्यांच्या इंजिनाचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा ओतलेला होता. कारण उघड आहे. एक घनसेंटिमीटर लोखंड सुमारे ७.८ ग्रॅम भरते, तर तेवढेच अ‍ॅल्युमिनियम २.७ ग्रॅम. शिवाय ते उष्णता चटकन बाहेर टाकते. इंजिनाला दोन्ही गुण हवेच असतात. म्हणून आज पुष्कळ मोटारींचे सिलिंडर हेड, गिअरची पेटी, पाण्याच्या पंपाचे घर, आणि कित्येकांचा सगळा ब्लॉकच अ‍ॅल्युमिनियमचा असतो.

पण हा धातू पोलादाहून मऊ आहे. दुसरी गोष्ट, तो तापला की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. दहा सेंटिमीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवला तर तो सुमारे ०.१६ मिलिमीटर वाढतो, पोलादाचा तेवढाच तुकडा ०.०८ मिलिमीटर. म्हणजे भोक एका मापाने फुगते आणि बोल्ट दुसऱ्या. तिसरी गोष्ट, हे दोन धातू एकमेकांना लागून असले आणि मध्ये ओल शिरली, विशेषतः खारी ओल, तर तिथे विजेच्या घटासारखी क्रिया चालू होते आणि अ‍ॅल्युमिनियम कुजते. पांढरी भुकटी धरते. कोकणपट्टीत खाऱ्या हवेत वावरणाऱ्या गाड्यांचे बोल्ट काढताना हे लक्षात ठेवावे. असा बोल्ट जबरदस्तीने फिरवला की तो आटे बरोबर घेऊनच बाहेर येतो.

आता दुरुस्ती. काकांनी जे केले ते मी शेजारी डब्यावर बसून पाहिले. ते क्रमाने सांगतो.

आटे गेलेल्या भोकात नुसता जाड बोल्ट ठोकायचा नाही. भोक मोठे करायचे, त्यात नवे आटे पाडायचे आणि त्यात पोलादी तारेचे एक वेटोळे बसवायचे. या वेटोळ्याच्या आतल्या अंगाला जे आटे तयार होतात, ते मूळ मापाचेच असतात. म्हणजे बोल्ट पूर्वीचाच चालतो. या वेटोळ्याला बाजारात हेलिकॉइल म्हणतात. मुळात ते एका कंपनीचे नाव, पण आता सगळेच तसे म्हणतात. गंज न चढणाऱ्या पोलादाची ही तार साधी गोल नसते. ती आडवी कापली तर तिचा छेद पतंगाच्या आकाराचा, म्हणजे समभुज चौकोनाचा दिसतो. त्यामुळे बाहेरची धार भोकाच्या आट्यात बसते आणि आतली धार बोल्टासाठी आटा होते.

मापाचे एक उदाहरण देतो. आठ मिलिमीटरचा साधा बोल्ट घ्या, ज्याच्या दोन आट्यांत सव्वा मिलिमीटर अंतर असते. याच्यासाठी अ‍ॅल्युमिनियममध्ये मूळ भोक ६.८ मिलिमीटरचे पाडलेले असते. हेलिकॉइल बसवायचे तर ते सुमारे ८.३ मिलिमीटरचे करावे लागते. ड्रिलचे नेमके माप त्या संचावर छापलेले असते, तेच प्रमाण मानावे. पुढचे आटे पाडायला जो टॅप लागतो, तोही खास या कामाचा असतो. बाजारातला नेहमीचा नऊ किंवा दहाचा टॅप इथे चालत नाही.

पहिले काम भोक सरळ पाडण्याचे. काकांनी ड्रिल हातात घेण्यापूर्वी सुताराकडचा छोटा गुण्या बाजूला उभा केला आणि एका डोळ्याने पाहत ड्रिल धरले. भोक तिरके गेले तर बोल्ट तिरका जाईल, त्याचे डोके एका कडेवर टेकेल आणि तेल गळतच राहील. "इथं घाई केली तर पुढचं सगळं वाकडं," ते म्हणाले.

दुसरे काम टॅपचे. अ‍ॅल्युमिनियम चिकट असते, टॅपच्या दातांत अडकते. म्हणून काकांनी थोडे रॉकेल सोडले. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असा चालवला. मागे फिरवले की धातूचा कीस तुटतो आणि खोबणीत पडतो. टॅप अडला तर जोर करायचा नाही, बाहेर काढून पुसायचा. टॅप फार कडक आणि म्हणून ठिसूळ असतो. तो भोकात मोडला तर दुखणे पहिल्याहून वाढते.

तिसरे काम किसाचे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण इथे पुष्कळ जण चुकतात. संपाच्या बाबतीत काकांनी टॅपच्या खोबणीत ग्रीस भरले होते, म्हणजे कीस त्याला चिकटून राहावा. शेवटी थोडे तेल वरून ओतून ते खालून वाहू दिले आणि आत बोट फिरवून पाहिले. स्पार्क प्लगच्या भोकात हे काम करायचे असेल तर त्याहून जपावे लागते. तो कीस थेट सिलिंडरमध्ये पडतो आणि सिलिंडरच्या भिंती ओरखडतो. म्हणून तिथे हेड उतरवून काम करणे उत्तम. उतरवणे शक्यच नसेल तर ग्रीस भरपूर लावावे, टॅप पुन्हा पुन्हा पुसावा, आणि शेवटी हवेच्या नळीने सिलिंडर साफ करावा.

चौथे काम वेटोळे बसवण्याचे. वेटोळे मोकळे असताना भोकापेक्षा किंचित मोठे असते. त्याच्या खालच्या टोकाशी एक आडवी शेपटी असते. बसवायच्या दांड्याच्या खाचेत ती अडकवली आणि फिरवले की वेटोळे आवळून लहान होते आणि आत जाते. सोडले की स्प्रिंगसारखे फुलते आणि भोकाला घट्ट धरून बसते. त्याला डिंक लागत नाही की झाळ. वरचे टोक पृष्ठभागाच्या खाली पाव ते अर्धा फेरा जाईल इतके ते आत न्यावे. मग शेपटी मोडून काढायची. लहान मापात ती ठोकून मोडतात. स्पार्क प्लगच्या भोकात मात्र ठोकू नये, निमुळत्या पकडीने धरून खालीवर वाकवावी आणि तुकडा बाहेर काढावा. मोडलेली शेपटी हातात आल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये. काकांनी तो इवलासा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "हा मोजायचा. आत राहिला तर तुमचा नशीबवान दिवस संपला."

सगळ्या कामाला दीड तास लागला. नव्या संपाच्या किमतीचा तो अगदी थोडा हिस्सा होता. आणि श्रोतेहो, ही नुसती ठिगळाची दुरुस्ती नव्हे. नीट बसवलेले वेटोळे मूळच्या आट्यांहून भक्कम ठरते. कारण आता अ‍ॅल्युमिनियममधले आटे अधिक रुंद घेराचे आहेत, म्हणून भार जास्त धातूवर पसरतो. तार थोडी लवते, म्हणून तो भार पहिल्या आट्यावरच न पडता पुढच्या आट्यांनाही वाटला जातो. आणि बोल्ट पुन्हा पुन्हा काढला-घातला तरी पोलाद पोलादावर घासते, मऊ धातू झिजत नाही. म्हणूनच काही यंत्रांत असली वेटोळी नव्या भागातही सुरुवातीपासूनच बसवलेली असतात.

दुसरेही उपाय आहेत. तारेऐवजी अखंड पोलादी बुश बसवता येतो. तो महाग पडतो, पण हेडचे बोल्ट किंवा स्पार्क प्लग अशा मोठ्या भाराच्या जागी पुष्कळ कारागीर तोच पसंत करतात. भोक मोठे करून मोठ्या मापाचा बोल्ट घालणे, हा जुना उपाय. तो चालतो, पण भोवती पुरेसा धातू हवा, आणि पुढच्या माणसाला एकाच झाकणावर दोन मापांचे बोल्ट सापडतात. आर्गॉनच्या वेल्डिंगने भोक भरून पुन्हा पाडता येते. त्याला कसबी हात लागतो, कारण शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते आणि त्याचे मिश्रधातू त्याहीआधी मऊ पडू लागतात. वितळण्यापूर्वी हा धातू लोखंडासारखा लाल होऊन सूचना देत नाही. उष्णतेने भाग वाकण्याचेही भय असते.

राहिली ती दोन गोळ्या कालवून केलेली लुगदी, दोरा किंवा पांढरी फीत. एखादे हलके झाकण धरायला लुगदी चालेल. पण जिथे दाब आहे, उष्णता आहे, बोल्ट पुन्हा काढायचा आहे, तिथे ती फसवते. माझ्या बाबतीत कोणी दोरा गुंडाळून बोल्ट बसवून दिला असता, तर पुढच्या घाटात पुन्हा तेच झाले असते. इंजिनात तेल नसताना बेअरिंगे काही मिनिटांत जळतात. तेलाचा तांबडा दिवा लागला तर पुढच्या गावापर्यंत जाऊ असे म्हणू नका. तिथेच थांबा. त्या दिवशी माझ्या हातून एवढी एकच गोष्ट शहाणपणाची झाली.

आणि काही ठिकाणी दुरुस्तीच्या नादाला लागू नये. भोकाभोवती तडा गेला असेल, किंवा भाग ब्रेकचा वा स्टिअरिंगचा असेल, तर तो बदलावा. तिथे पैशांचा हिशेब माणसाच्या जिवाशी असतो. हेडच्या बोल्टांची भोके पाण्याच्या वाटांजवळ असतात. ती मशीनशॉपमध्येच द्यावी.

आता आटे जाऊच नयेत म्हणून काय करावे? बोल्ट आणि भोक दोन्ही आधी पुसा. बोल्ट नेहमी हाताने सुरू करा. बसवताना पहिल्यांदा उलटा फिरवा. एका जागी 'टक्' असे बारीक लागते. तिथे दोन्ही आट्यांची तोंडे जुळली. मग सुलटा फिरवा. स्पार्क प्लगच्या पांढऱ्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून त्याने फिरवा. प्लग वाकडा जात असेल तर रबर निसटते, आटे वाचतात. प्लग काढायचा तो इंजिन थंड झाल्यावर. संपाच्या बोल्टाचे वायसर दर वेळी नवे घाला, कारण तेल अडवते ते वायसर, आट्यांवरचा जोर नव्हे. मी नेमके हेच उलटे समजलो होतो.

जोर किती लावावा? प्रत्येक गाडीच्या पुस्तकात तो न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो, आणि तो मोजणारा टॉर्क पाना मिळतो. अंदाज यावा म्हणून सांगतो. २५ सेंटिमीटर लांबीच्या, म्हणजे वितीहून जरा मोठ्या पान्याच्या टोकाला १० किलोचे वजन टांगले, तर सुमारे २५ न्यूटन-मीटर जोर होतो. पुष्कळ स्पार्क प्लगांना साधारण एवढाच लागतो. त्या पान्यावर पाइप चढवून लांबी दुप्पट केली, की त्याच हाताचा जोर दुप्पट होतो. आपल्या हाताला मात्र काही कळत नाही. मी तेच केले होते.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. तरफ, उतरण आणि स्क्रू हे धडे आपण फळ्यावर शिकवतो. एखाद्या दिवशी गावच्या मिस्त्रीकडून आटे गेलेला एक टाकाऊ भाग आणि तो बोल्ट वर्गात आणा. आटे गुंडाळलेला बोल्ट मुलांच्या हातात द्या. जमल्यास मिस्त्रींनाच बोलवा. त्यांना खुर्ची द्या. मुलांना गणित कळेल, आणि त्या तेलकट हातांत केवढी विद्या आहे, तेही कळेल.

मी वर्गात घसारा शिकवतो. यंत्राची किंमत दर वर्षी किती कमी धरायची, याचे हिशेब मुले वहीत मांडतात. वहीत तो घसारा एकाच दिशेने चालतो. काकांच्या दुकानात तो दीड तासापुरता मागे फिरलेला मी पाहिला. निघताना मी पैसे विचारले. त्यांनी आकडा सांगितला आणि वर म्हणाले, "सर, तो पाइप मात्र घरी ठेवू नका."

तो पाइप मी आता परसातल्या वेलाला आधार म्हणून रोवला आहे.